पाण्याचा हात

(संध्याकाळ. गावातलं घर. उंबरा.)

"थांब. लगीच आत नगं येऊ."

माझी लेक उंबऱ्याबाहेर थबकली. पाठीवर सॅक, एका कानात इअरफोन. समोर तिची आजी, म्हणजे माझी आई. उजव्या हातात ज्वारीच्या भाकरीचा तुकडा, डाव्या हातात पाण्याचा तांब्या. तुकडा लेकीच्या डोक्यावरून फिरला, पायांपर्यंत उतरला, पुन्हा वर गेला. तीन वेळा. मग मोडून अंगणात दोन्ही बाजूंना भिरकावला. ओली बोटं लेकीच्या डोळ्यांना लागली.

"हां. ये आता."

रात्री अंथरुणात पडल्यावर लेकीने विचारलं, "आई, ते दारात काय केलं आजीनं?"

भाकरतुकडा ओवाळला. नवी नवरी दारात आली की ओवाळतात, बाळंतीण बाळाला घेऊन आली की ओवाळतात, दवाखान्यातून माणूस घरी परतलं की ओवाळतात. वाटेत लागलेली दृष्ट, वाटेतली पीडा त्या तुकड्याबरोबर बाहेरच राहावी म्हणून. एवढं मी सांगितलं. पण भाकरीचाच तुकडा का, याचं उत्तर मला देता आलं नाही. सकाळी आईला विचारलं, तर ती चुलीत काटकी सरकवत म्हणाली, "घरात दुसरं काय असतंय गं कायम? सोनं नसंल, गूळ नसंल. तुकडा असतोयच."

त्या आठ दिवसांची ही फिल्म आहे. आई चौऱ्याहत्तर वर्षांची, लेक चौदा वर्षांची. मी मधली, हातात कॅमेरा धरलेली. संक्रांतीच्या तोंडावर शाळेची रजा काढून आम्ही दोघी गावी आलो, ते लेकीला भाकरी शिकायची होती म्हणून. मला शिकवता आली नसती. मला पोळ्या येतात. भाकरी येत नाही.

(काळं रान. ज्वारीची ताटं वाऱ्यावर हलताहेत.)

आमचं गाव सोलापूर जिल्ह्यातलं, मंगळवेढ्याच्या बाजूचं. इथली जमीन काळी, खोल, ओल धरून ठेवणारी. उन्हाळ्यात तिला इतक्या रुंद भेगा पडतात की पाय अडकावा. पाऊस संपता संपता, सप्टेंबर-ऑक्टोबरात इथे ज्वारी पेरतात. त्यानंतर बहुतेक रानांत तिला वरून पाणी मिळत नाही. जमिनीतली ओल आणि पहाटेची थंडी एवढ्यावर ती वाढते. वाण बहुतेक मालदांडीचा. दाणा मोत्यासारखा गोल आणि पांढरा. मंगळवेढ्याच्या या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. गावकऱ्यांना त्याचा आनंद आहेच, पण मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार फार आधीपासून म्हणतात.

कोठार म्हटलं की इथल्या प्रत्येक घरात दामाजीपंतांची गोष्ट निघते. पंधराव्या शतकातली, बिदरच्या बहामनी राजवटीतली. दामाजीपंत मंगळवेढ्याचे अधिकारी. दुष्काळ पडला. माणसं दारात येऊन मरू लागली. सरकारी कोठारं भरलेली होती. दामाजीपंतांनी बादशहाला न विचारता ती उघडली आणि धान्य वाटून टाकलं. बादशहाने त्यांना पकडून आणायला माणसं धाडली. आणि इकडे दरबारात घोंगडी पांघरलेला, हातात काठी घेतलेला एक माणूस उभा राहिला. म्हणाला, मी विठू महार, पंतांचा चाकर. धान्याचे पैसे आणलेत, मोजून घ्या. पावती घेऊन तो निघून गेला. तो कोण होता, हे मागून सगळ्यांना कळलं.

लेकीने ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात वाचली होती का, मला माहीत नाही. इथे तिने ती ज्वारीच्या पोत्याला टेकून ऐकली, आणि ऐकताना तिची बोटं पोत्याच्या तोंडातून आत गेलेली कॅमेऱ्यात दिसतात.

(पहाट. चूल पेटते. परातीत पीठ.)

पहिला दिवस.

"आजी, पाणी किती?"

"बसंल तेवढं."

"म्हणजे किती?"

"पिठाला इचार."

लेकीने फोनमध्ये लिहून घेतलं: पाणी – अंदाजे. दुसऱ्या दिवशी तिने वाटी आणली. आईला म्हणाली, तू तुझ्या हिशोबाने पाणी घाल, पण आधी मला मोजू दे. तीन वेळा मोजलं. तिन्ही वेळा पाणी जवळपास तेवढंच भरलं. लेक हरखली. आईला त्यात नवल वाटण्यासारखं काहीच दिसलं नाही. पण चौथ्या दिवशी गिरणीतून नवं दळण आलं, आणि पाणी वाढलं. आईने पिठात बोटं घालताच सांगितलं होतं, "ताजं हाय, जास्ती पिणार."

गव्हाच्या पिठाला चिकटपणा असतो, कणीक ताणली तर ताणते. ज्वारीत तो चिकटपणा नाही. म्हणून तिची पोळी लाटता येत नाही, लाटायला गेलं तर चिरफाळ्या होतात. ज्वारीच्या पिठाला एकत्र धरतो तो गरम पाण्यात फुलणारा पिठूळपणा. त्यासाठी आधणाचं पाणी लागतं, आणि त्याहून जास्त लागतं मळणं. पीठ जुनं झालं की ते धरत नाही. आमच्याकडे त्याला म्हणतात, पिठाची विरी गेली. माणसात दम राहिला नाही की जसं म्हणतात, तसंच.

आई मळते ते बघण्यासारखं आहे. तळहाताचा मनगटाकडचा भाग पिठावर दाबून पुढे रेटायचा, बोटांनी मागे ओढायचा. एका वेळी एकाच भाकरीचा उंडा. सगळ्या भाकऱ्यांचं पीठ एकदम मळून ठेवलं तर शेवटच्या भाकऱ्या फाटतात. मग परातीत कोरडं पीठ पसरायचं, त्यावर उंडा, आणि थापायला सुरुवात. एक हात थापतो, दुसरा काठ सांभाळतो. भाकरी परातीत आपोआप गोल फिरू लागते. ती हाताने फिरवावी लागत नाही, थापेनेच फिरते. लेकीची भाकरी पहिले तीन दिवस फिरली नाही. जिथे थापली तिथेच चिकटली.

"जोर नगं लावू. ती काय भांडाय आलीय व्हय तुज्यासंगं?"

आणि मग या फिल्मला जिने नाव दिलं ती गोष्ट. थापलेली भाकरी दोन्ही हातांवर उचलून तव्यावर टाकायची. पिठाची बाजू वर. लगेच वाटीतल्या पाण्यात बोटं बुडवून ते पाणी भाकरीवरून फिरवायचं, कडेपर्यंत, कुठेही कोरडं न ठेवता. याला पाण्याचा हात म्हणतात. पाणी कमी पडलं तर भाकरी तडकते. जास्त झालं तर चिकट राहते. आणि ते पुरतं सुकायच्या आत भाकरी उलटावी लागते. तव्याची धग हाताला लागते, तरी हात पटकन मागे घेता येत नाही. पाणी फिरवायचंच असतं.

मी ते पन्नास वेळा चित्रित केलं असेल. आईचा हात वाफेत जातो, एक वर्तुळ काढून बाहेर येतो. दोन सेकंदांचं काम.

(तव्यावरची भाकरी. उलथणं.)

"सांग बघू," आई म्हणाली, "घोडा का अडला? पान का सडलं? भाकरी का करपली?"

लेक विचार करत राहिली. घोडा दमला असेल. पान जुनं असेल. आच मोठी असेल.

भाकरी करपू लागल्याचा वास आला.

"फिरवली न्हाई म्हणून!" आईने उलथणं घातलं. "घोडा फिरवला न्हाई, पान फिरवलं न्हाई, भाकरी फिरवली न्हाई."

हे कोडं आता राजकारण्यांच्या तोंडी आहे. भाकरी फिरवायची वेळ आली, असं वर्तमानपत्रात छापून येतं आणि प्रत्येक मराठी माणसाला त्याचा अर्थ कळतो. मीही ते शेकडो वेळा वाचलंय. पण हे कोडं नेमकं त्या क्षणी घालायचं असतं, भाकरी तव्यावर असताना, आणि उत्तर चुकलं तर नाकाला कळावं, हे मला त्या सकाळी पहिल्यांदा समजलं.

पुढे माझ्या लक्षात येत गेलं की आई कुठलीच गोष्ट रिकाम्या वेळी सांगत नाही. मी पहिल्या दिवशी तिला खाटेवर बसवून, माइक लावून, "भाकरीच्या जुन्या गोष्टी सांग" म्हटलं होतं. ती अवघडून बसली. म्हणाली, "काय सांगू? मला कुठं काय येतंय." ते चित्रण वाया गेलं. चुलीपुढे बसली की मात्र गोष्टी आपसूक यायच्या, त्या त्या कामाला लागून.

तिसऱ्या दिवशी लेकीला तव्याचा चटका बसला. आईने तिचं बोट पाण्यात बुडवलं आणि मुक्ताबाईची गोष्ट लावली. ज्ञानदेवांना मांडे खावेसे वाटले. मुक्ताबाई ते भाजायचं मातीचं खापर आणायला कुंभारवाड्यात गेली. पण विसोबाने गावाला बजावून ठेवलं होतं, या संन्याशाच्या पोरांना कुणी काही द्यायचं नाही. मुक्ताबाई रडत घरी आली. तेव्हा ज्ञानदेवांनी जठराग्नी चेतवला, पाठ लाल झाली, आणि बहिणीने भावाच्या पाठीवर मांडे भाजले. विसोबा आडून बघत होता. तो शरण आला.

त्याच दिवशी दुपारी शेजारचा कुत्रा ओसरीवर आला. आमच्याकडे पहिली भाकरी गाईची आणि शेवटली कुत्र्याची. लेक कुत्र्याला कोरडी भाकरी टाकू लागली तशी आईने थोडं ताक ओतून दिलं. कोरडी नको घालू. मग नामदेवांची गोष्ट. पंढरपूर इथून पंचवीसेक किलोमीटरवर, त्यामुळे नामदेव म्हणजे आमच्या शेजारगावचेच. नामदेव जेवायला बसले, कुत्र्याने भाकरी पळवली. नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. देवा, कोरडी खाऊ नका, घशाला लागेल, तूप तरी घ्या.

"आणि त्या नामदेवाचा गुरू कोण? विसोबा खेचर."

लेकीने मान वर केली. "सकाळचाच विसोबा? ज्यानं खापर मिळू दिलं नाही तो?"

"त्योच."

आईने हे दोन्ही धागे मला लहानपणी सांगितले असणार. मी ते कधी जोडले नव्हते. चौदा वर्षांच्या मुलीने ते एका दिवसात जोडले, कारण तिच्यासाठी दोन्ही गोष्टींमध्ये एकच चूल होती.

(जुना डबा. गोल, स्टीलचा.)

इथे मला माझं सांगायला हवं. पाचवीत मला पुण्याला मावशीकडे पाठवलं. पहिल्या आठवड्यात डब्यात भाकरी आणि शेंगाचटणी नेली. बाकीच्या मुलींच्या डब्यात मऊ पोळ्या. कुणीतरी नाक मुरडलं, आणि एका बाईंनी वर्गासमोर विचारलं, तुमच्याकडे गहू मिळत नाही का. त्या दिवसापासून मी डब्याचं झाकण अर्धंच उघडून खाऊ लागले, आणि मग मावशीला सांगितलं, मला भाकरी आवडत नाही. सुट्टीत घरी आल्यावर आईलाही तेच सांगितलं. आई गव्हाचं पीठ विकत आणून माझ्यासाठी पोळ्या करू लागली. मला भाकरी का येत नाही, याचं उत्तर इतकं साधं आहे. शिकायच्या वयात मी चुलीकडे पाठ करून बसले.

मी एकटी नव्हते. रेशनवर गहू-तांदूळ स्वस्त मिळू लागला. ज्वारी मुळासकट उपटावी लागते, त्या काढणीला माणूस मिळेना. शहरातल्या ओट्यावर लाटणं सोपं पडलं. बघता बघता भाकरी गरिबाची झाली. आता दिवस पुन्हा पालटलेत. 2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं, डॉक्टर ज्वारी खायला सांगतात, सोलापूरच्या कडक भाकऱ्या पाकिटात बंद होऊन पुण्या-मुंबईच्या दुकानांत पोचल्या. या कडक भाकऱ्या पातळ थापून, मंद आचेवर पापडासारख्या वाळेपर्यंत भाजतात. कित्येक दिवस टिकतात. त्या विकून कितीतरी बायांचे संसार उभे राहिलेत, आणि मला त्याचा फार आनंद होतो.

आईपुढे मी हे डब्याचं सगळं पहिल्यांदा बोलले ते कॅमेरा चालू असताना. तिने ऐकून घेतलं. थोड्या वेळाने म्हणाली, "आदी सांगितलं असतंस तर चटनीत तेल जास्ती घातलं असतं. मऊ पडली असती." तिला वाटलं, भाकरी कडक झाली म्हणून मी लाजले.

(कोपऱ्यातलं जातं. वर गोणपाट.)

पाचव्या दिवशी लेकीने गोणपाट काढलं. जात्याचा खुंटा हातांनी घासून गुळगुळीत झालेला. गावात गिरणी आल्यापासून ते फक्त लग्नात बाहेर येतं, हळद दळायला. लेक म्हणाली, आजी, ओवी म्हण ना.

आई म्हणाली, "आता कुठलं आठवतंय." दोन शब्द म्हटले, थांबली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच थांबली.

मग ती मांडी घालून बसली, एक पाय पुढे पसरला, मूठभर ज्वारी जात्याच्या तोंडात टाकली आणि खुंट्याला हात घातला. समोरून लेकीने हात लावला. दगड फिरला. दुसऱ्या फेऱ्याला ओवी आली. पहिली ओवी देवाला, दुसरी आईबापाला, मग भावाला. अर्धा तास ओव्या येत राहिल्या. दगड थांबला की आवाज थांबायचा. ध्वनिमुद्रणात जात्याची घरघर इतकी मोठी आहे की शब्द नीट ऐकू येत नाहीत. तो आवाज मी कमी केलेला नाही.

पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी, त्यांच्या सहकाऱ्यांनी, गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत गावोगाव फिरून अशा ओव्या टिपून ठेवल्या. एक लाखाहून जास्त. दळणारीचं नाव, गाव लिहून. त्या सगळ्यांचे आपल्यावर उपकार आहेत. आमच्या गावच्या ओव्या त्यात आहेत का, हे लेक आता शोधते आहे.

दळून झालं तेव्हा आई खाली सांडलेलं पीठ बोटाने गोळा करत होती. चिमूटभर असेल. लेक म्हणाली, राहू दे गं आजी. आईने मान हलवली आणि बहात्तर सालचा दुष्काळ सांगायला लागली.

तेव्हा ती नुकतीच लग्न होऊन आलेली. रानात एक कणीस नाही. सगळं गाव खडी फोडायला, तलाव खणायला. कामावर सुकडी मिळायची. रेशनवर अमेरिकेतून आलेली मिलो, म्हणजे तिकडची लाल ज्वारी. "त्याची भाकर लाल. चावाय लागलं तर रबरागत. पर ती बी थापलीच की. सासूबाई म्हनायच्या, ज्वारी असू दे न्हाईतर मिलो, थाप सारखीच पडाय पायजे." तिने चिमूटभर पीठ परातीत सोडलं. "त्या सालात मी भाकर शिकले बग. खरी."

(भोगी. पहाटेपासून धूर, तिळाचा वास.)

भोगीला ज्वारीला सुट्टी असते. बाजरीची भाकरी, वरून तीळ. आणि भोगीची भाजी: वांगी, पावटा, ओला हरभरा, गाजर, बोरं, तिळाचं कूट. न खाई भोगी तो सदा रोगी, असं म्हणत प्रत्येकाच्या ताटात ती पडतेच. बाजरी ज्वारीपेक्षा अवघड, लवकर तुटते. पण तीळ वर घालून थापले की ते पिठात रुततात. लेकीने सात भाकऱ्या केल्या. चार फाटल्या. दोन एका बाजूने फुगल्या. एक मात्र तव्यावरून काढून निखाऱ्यांसमोर धरली आणि टच्च फुगली, बॉलसारखी.

ती ओरडली. मीही ओरडले. कॅमेरा हलला, तसाच राहू दिलाय.

आईने फुगलेल्या भाकरीचा पापुद्रा चिमटीत धरून उचलला. आतून वाफ आली. त्यावर लोणी घालून तिने तो लेकीच्या तोंडात दिला.

(दुसऱ्या दिवशी. निघायची तयारी. चूल अजून गरम.)

सकाळच्या भाकऱ्या लेकीनेच केल्या. आई शेजारी पाटावर बसली होती. पहिल्यांदाच तिच्या हाताला काम नव्हतं, आणि ते तिला जमत नव्हतं. सारखी पदराशी चाळा करत होती. परातीत शेवटी पीठ उरलं, एका भाकरीला पुरणार नाही एवढं. लेकीने ते फेकलं नाही. छोटा उंडा केला आणि तळहाताएवढी भाकरी थापली. पाण्याचा हात फिरवला. उलटली, भाजली.

याला चानकी म्हणतात. उरल्या पिठाची, घरातल्या पोरांसाठी करतात. मला आई रोज करायची. भाऊ आणि मी त्यावरून भांडायचो.

लेकीने चानकी तव्यावरून उतरवली, फुंकर घातली आणि आजीच्या हातावर ठेवली.

आई तिच्याकडे बघत राहिली.

"मला कुनी चानकी केल्याली..." तिने आठवायचा प्रयत्न केला. "आई व्हती तवा. सात-आठ वर्साची असंन मी."

मग तिने एक तुकडा मोडला, लेकीच्या डोक्यावरून फिरवला आणि दाराबाहेर टाकला. उरलेली तिथेच चुलीपुढे बसून खाल्ली. काहीच लावून घेतलं नाही. चटणी पुढे केली तर हातानेच नको म्हणाली.